सरावाचे साक्षीदार

अमेरिकेत ऑगस्टा येथे १९३४ पासून भरणाऱ्या मास्टर्स गोल्फ स्पर्धेत सोमवार ते बुधवार हे दिवस सरावाचे. तेव्हा प्रेक्षकांना कॅमेरा नेता येतो; प्रत्यक्ष स्पर्धेत नाही. १६ व्या होलवर तर लोकाग्रहास्तव खेळाडू तळ्याच्या पाण्यावर टप्पे देत चेंडू पलीकडे धाडतात. निकालाचे ओझे उतरलेले कौशल्य पाहण्याचा हा हक्क तिथे तिकिटाने मिळतो. आपल्याकडे तो तालमीच्या दाराशी उभे राहून मिळत आला.

भोर-वेल्ह्याच्या मावळात बळाची गोष्ट निघाली की भुतोंड्याचे येसाजी कंक आठवतात. १६७७ मध्ये गोवळकोंड्यास त्यांनी हत्तीशी झुंज दिली, अशी आख्यायिका आहे. झुंज सर्वांना ठाऊक. त्या मनगटामागचे जोर, बैठका, मेहनत यांविषयी मात्र आख्यायिकाही मौन पाळते. निकालाला दरबार साक्षी असतो, म्हणून तो मागे उरतो. सरावाला साक्षी असतात हौद्याच्या कडेला बसलेले थकलेले पैलवान आणि गावातली पोरे. ताक, तेल, हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीत एकच डाव पुनःपुन्हा घोटला जाताना तीच पाहतात आणि त्यांतलीच काही पुढे लंगोट कसतात.