दौंडचे बंगले आणि माझं परमिट

घर शिरूरचं, आजोळ दौंडचं. रेल्वे कॉलनीतले बंगले दाखवून आजी सांगायची, "इथले अँग्लो-इंडियन ड्रायव्हर विलायतेला गेले."

1962 पर्यंत कॉमनवेल्थच्या नागरिकाला ब्रिटनमध्ये काम करायला परवाना लागत नसे. त्या वर्षीच्या कायद्याने व्हाउचर आली: नोकरी ठरलेली असेल तर 'ए', हुन्नर असेल तर 'बी', बाकीच्यांना 'सी'. 1973 पासून त्यांच्या जागी वर्क परमिट आलं. म्हणजे आधी मालक शोधा, मग देश.

माझ्या परमिटवरही कंपनीचं नाव होतं. नोकरी गेली तेव्हा कळलं, तो कागद माझा नव्हताच.

परत आलो. दौंडला आजीने एवढंच विचारलं, "जेवलास का?"