गोंझो : शर्यतीकडे पाठ फिरवणारा बातमीदार

२ मे १९७०, शनिवार. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुइव्हिलच्या चर्चिल डाउन्स रेसकोर्सवर तुम्ही गर्दीतून वाट काढताय. पुदिना घातलेल्या बर्बनचा वास, पैजांचा गलका. अध्यक्ष निक्सन यांनी परवाच कंबोडियात सैन्य घुसवल्याचं जाहीर केलंय, पण इथे बोलणं फक्त घोड्यांचं.

पत्रकारांच्या कक्षात शिरा. हा पत्रकार हंटर थॉम्पसन, बत्तीस वर्षांचा, याच गावात जन्मलेला. शेजारी ब्रिटिश चित्रकार राल्फ स्टेडमन. दोघांची ही पहिलीच भेट. घोडे सुटतात. सव्वा मैलाची शर्यत साधारण दोन मिनिटांत आटोपते आणि ‘डस्ट कमांडर’ जिंकतो. साऱ्यांच्या नजरा मैदानावर, या दोघांच्या मात्र प्रेक्षकांवर. दारूनं सुजलेला, घराण्याच्या तोऱ्यात मिरवणारा असा एक चेहरा त्यांना चितारायचाय.

आता न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात या. ‘स्कॅनलन्स मंथली’ या मासिकाचा अंक छपाईला थांबलाय आणि थॉम्पसनला शर्यतीवरचा लेख जुळत नाही. अखेर तो वहीची पानं फाडतो, त्यांवर क्रमांक टाकतो आणि तशीच पाठवून देतो. आपली कारकीर्द संपली, असंच त्याला वाटतंय. जूनच्या अंकात ते छापून येतं आणि कौतुकाचा पाऊस पडतो. ‘बॉस्टन ग्लोब’ या वृत्तपत्राचा बिल कार्डोसो कळवतो : हे तर अस्सल गोंझो!

म्हणजे काय, हे कार्डोसोलाच विचारा. दक्षिण बॉस्टनच्या आयरिश बोलीत, तो सांगतो, रात्रभराच्या पिण्यानंतरही जो शेवटी पायांवर उभा असतो तो गोंझो. इटालियनमध्ये मात्र हाच शब्द भोळसटासाठी आहे. आणि न्यू ऑर्लीन्सच्या जेम्स बुकरची ‘गोंझो’ नावाची धून १९६० पासूनच वाजतेय. शब्दाच्या कुळावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

तेव्हा लेखच उघडा आणि थेट शेवटाकडे जा. ज्या चेहऱ्याच्या शोधात दोघे वणवण फिरले, तो थॉम्पसनला आरशात दिसतो. पुढे अनेकांनी त्याची दारू उचलली, आरडाओरडा उचलला आणि त्यालाच गोंझो पत्रकारिता म्हटलं. पण या लिखाणाचा कणा तिथे नाही. समाजावर आरोपपत्र लिहिताना थॉम्पसननं आरोपींच्या यादीत स्वतःचंही नाव घातलं. बातमीत ‘मी’ लिहिण्याचा अधिकार त्यानं असा कमावला, आणि तो असाच कमवावा लागतो.