अस्वलाची फाइल

२००२ साली एका जुन्या सहकाऱ्याचा ईमेल आला. संगणकात ‘जेडीबीजीएमजीआर’ नावाची फाइल शोधा. तिच्यावर अस्वलाचं चित्र असेल तर तो व्हायरस. चौदा दिवस गप्प बसतो, अँटीव्हायरसला सापडत नाही. काढून टाका आणि सगळ्यांना कळवा.

शोधली. अस्वल होतंच! मी फाइल उडवली आणि आमच्या बॅचच्या सगळ्यांना इशारा धाडला.

ती मायक्रोसॉफ्टचीच फाइल निघाली. जावा प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्यांच्या उपयोगाची. विंडोजबरोबरच यायची, त्यामुळे अस्वल बहुतेकांकडे सापडणारच होतं. १९९४ची ‘गुड टाइम्स’ अफवा त्यामानाने भाबडी. त्या नावाचा ईमेल वाचताच हार्डडिस्क पुसली जाईल, अशी नुसती धमकी. २००२च्या अफवेने पुरावाच वाचणाऱ्याच्या घरी ठेवला होता.

मला जास्त लागलं ते वेगळंच. वायरलेसवर अनोळखी आवाजाने हुकूम दिला, तर आम्ही आधी ठरलेला सांकेतिक प्रश्न विचारायचो. त्याने सुचवलेली परीक्षा कधीच घेत नसू. इथे नेमकी तीच घेतली. अँटीव्हायरस कंपन्या अशा अफवांच्या याद्या तेव्हाही संकेतस्थळावर देत. पाच मिनिटांचं काम होतं.

चूक कबूल करणारा ईमेल त्याच रात्री पाठवला. पुढच्या आठवड्यात माझाच पहिला इशारा, माझ्या नावासकट, तिसऱ्याकडून मला परत आला.