तळाची साक्ष



मराठीच्या अध्यापकाने कीटकनाशके आणि ओढ्यातला गाळ यांविषयी काय बोलावे, असे काहींच्या मनात येईल. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते गुरुजी विज्ञानाच्या तासाला गढूळ पाण्यात तुरटी फिरवीत आणि पाणी निवळले की विचारीत, ‘मळ गेला कुठे?’ या प्रश्नाकडे जगाचे लक्ष फार उशिरा गेले. त्या विलंबाचा इतिहास मी आज सांगणार आहे.

कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचे सरोवर आहे. त्याच्या तळाशी चिलटांच्या अळ्या वाढत. ही चिलटे चावत नसत. पण त्यांच्या थव्यांनी काठावरच्या लोकांना जीव नकोसा होई. म्हणून १९४९, १९५४ आणि १९५७ अशी तीन वेळा त्या पाण्यात डी.डी.डी. हे डी.डी.टी.चे भावंड सोडण्यात आले. पहिल्या वेळी प्रमाण होते सात कोटी भाग पाण्याला एक भाग! हिशेबाने ते निरुपद्रवी होते. तरीही आपल्या टिबुकलीच्या कुळातील ग्रीब पक्षी तेथे मरू लागले. त्यांच्या चरबीत त्याच विषाचे प्रमाण दशलक्ष भागांत १,६०० भाग इतके आढळले. पाण्यात विरळ झालेले विष सूक्ष्म जीवांतून माशांत आणि माशांतून पक्ष्यांत साठत गेले होते. राचेल कार्सन यांनी १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात ही कथा जगापुढे मांडली.

१९७२ साली अमेरिकेने शेतीतील डी.डी.टी. बंद केले. पुढे पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांचा वापर वाढला. शेवंतीच्या कुळातील एका फुलातील कीटकनाशक द्रव्यावरून ती बेतलेली आहेत. माणसाला ती तुलनेने सौम्य असतात. पण ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत. मातीच्या कणांना, विशेषतः त्यांतील सेंद्रिय अंशाला, चिकटतात आणि कणांबरोबर तळाशी जातात. केवळ पाणी तपासणाऱ्याला ती सापडणार कशी?

म्हणून तळालाच साक्षीस बोलवावे लागले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९४ साली गाळाच्या चाचणीची प्रमाण पद्धती प्रसिद्ध केली आणि २००० साली ती सुधारली. काचपात्रात १०० मिलिलिटर गाळ आणि त्यावर १७५ मिलिलिटर स्वच्छ पाणी घ्यायचे. त्यात ‘हायालेला अझ्टेका’ हे दहा जीव सोडायचे. कोळंबीचा हा दूरचा आप्त जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा असतो. अशी आठ पात्रे २३ अंश सेल्सिअस तापमानात ठेवून दहा दिवसांनी गाळ चाळायचा आणि जिवंत किती राहिले ते मोजायचे. शेजारी निर्मळ गाळाचीही पात्रे असतात. त्यांतले शेकडा ८० जीव जगले नाहीत, तर चाचणीच रद्द होते. साक्षीदाराचीही अशी आधी परीक्षा होते, हे मला फार मोलाचे वाटते.

डॉनल्ड वेस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातील शेतीच्या कालव्यांतून व ओढ्यांतून गाळाचे ७० नमुने घेतले. २००४ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले : शेकडा ४२ ठिकाणचा गाळ निदान एकदा तरी चाचणीतील जीवांना मारक ठरला. पुढच्याच वर्षी रोझव्हिल या नगराच्या निवासी भागातील ओढ्यांचे निष्कर्ष आले. तेथे २१ पैकी १० नमुन्यांत जवळजवळ सगळे जीव मेले. तेथे शेते नव्हती. होती टुमदार घरे आणि त्यांच्यापुढची हिरवळ. मुंग्या मारण्यासाठी अंगणात फवारलेले औषध तळाशी पोहोचले होते. दोष केवळ शेतकऱ्याच्या माथी मारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

पण कथा येथे संपत नाही. काही ओढ्यांतील हे जीव विषाला दाद देईनासे झाल्याचे २०१३ साली सिद्ध झाले. जनुकांतील बदलामुळे ते विष सोसून जगत होते. म्हणजे ओढ्यात जीव दिसतो, एवढ्यावरून ओढा निर्मळ आहे असे म्हणता येत नाही. जे साहू शकले नाहीत, ते साक्ष देण्यास उरलेच नव्हते.

आपल्या भाषेत ‘गाळात जाणे’ म्हणजे बुडणे, नाश पावणे. गाळात गेलेले मात्र नाहीसे होत नाही, हे या इतिहासाने शिकविले. इतिहासाच्या अभ्यासकाला जुने दप्तर, तसा नदीला तिचा तळ. ते दप्तर उघडण्याची तयारी मात्र हवी. माझ्यासमोर बसलेल्यांत उद्याचे अभियंते, शेतकरी आणि नगरसेवक आहेत. कोणी निवळलेले पाणी दाखवून समाधान मानू लागला, तर गुरुजींचा प्रश्न त्याला अवश्य विचारा : मळ गेला कुठे?