मागेल त्याला काम : एका कराराची कहाणी



करार म्हटला की आपल्यापुढे मुद्रांकाचा कागद येतो. खरेदीखत, गहाणखत, खाली दोन साक्षीदारांचे अंगठे. पण माणसे एका गावात नांदू लागली की कागदावाचूनही एक करार होतच असतो. कष्ट कोणी करायचे, दाणे कोणी द्यायचे, वाईट दिवस आले तर कोणी कोणाला सांभाळायचे, हे ठरून जाते. पंडित लोक याला सामाजिक करार म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात असा एक करार चारचौघांच्या साक्षीने नव्याने लिहिला गेला. त्याची आज आठवण करू.

जुना करार म्हणजे बलुतेदारी. सुताराने वर्षभर नांगर-कुळव सांधावेत, कुंभाराने मडकी द्यावीत आणि सुगीत खळ्यावरून आपले बलुते न्यावे. ऐकायला गोड वाटते. पण त्यात मोठी खोट होती. काम जन्माने ठरे, ते टाकता येत नसे, आणि पदरात किती पडायचे हे देणाऱ्याच्या मर्जीवर असे. महारवतनाचा जाच तर सर्वांत मोठा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्याविरुद्ध बिल मांडले. ती वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले.

गावाची ही गत, तर सरकारची काय होती? १८७६ ते १८७८ या काळात दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. सरकारने खडी फोडण्याची, मातीची कामे काढली. पण एक रत्तल धान्य आणि वर थोडी रोकड एवढ्यावर माणूस दिवसभर राबू शकतो, असा सर रिचर्ड टेंपल यांचा हिशेब. १८७७ च्या जानेवारीत मजुरी अशी उतरवली, तेव्हा उपाशी मजुरांनी चक्क कामावर जाणे सोडले! पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे दुष्काळाचे नियम झाले, कामे निघत राहिली. पण काम द्यावे की नाही, हे साहेबाने ठरवायचे. मजूर मागणारा, सरकार देणारे. हक्क कोठेच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख आला. पण राज्याच्या ऐपतीप्रमाणे, अशी मेख त्यात होती. ती मेख सैल करण्याचे काम सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात सुरू झाले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली विसापूर भागात प्रयोग करून पाहिला. जो काम मागेल त्याला काम द्यायचे, आणि काम असे द्यायचे की त्यातून जमिनीचे, पाण्याचे भले व्हावे.

१९७२ साली ही योजना राज्यासाठी जाहीर झाली, आणि त्याच साली मोठा दुष्काळ कोसळला. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खाऊन ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना अधिक सांगायला नको. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. हाताला काम मिळाले तर माणूस तगतो, हे साऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

आता हा करार कसा होता, पाहा. मजुराने नाव नोंदवून काम मागायचे. सरकारने १५ दिवसांत काम द्यायचे; नाही दिले तर भत्ता द्यायचा. बाई असो वा बाप्या, मोजमाप एकच, दर एकच. आणि पैसा कोणाचा? शहरातल्या नोकरदारांवर, व्यापाऱ्यांवर, वकील-डॉक्टरांवर १९७५ साली व्यवसाय कर बसला. तो या कामी लावला, आणि तेवढीच भर सरकारने घालायची असे ठरले. म्हणजे मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले चार पैसे मराठवाड्यातल्या मजूर बाईच्या मस्टरवर पोचले. एरवी या दोघांची कधी गाठ पडली असती का?

सगळे सुरळीत झाले, असे मात्र नाही. कोठे खोटी मस्टरे भरली गेली, कोठे मजुरी महिना महिना अडकली. पाझर तलाव झाले. पण वरच्या डोंगरउतारावर ना चर, ना झाड. पहिल्या दोन पावसांत माती वाहून आली नि तलाव गाळाने भरला. ज्या गावांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने काम केले, आधी उतारावरचे चर, मग नालाबांध, मग तलाव, तेथे विहिरींना पाणी राहिले. १९९० पासून या योजनेतून फळबागा लागल्या. ज्या माळावर कुसळे उगवत तेथे आंबा, बोर, डाळिंब उभे राहिले. याच धर्तीवर २००५ साली साऱ्या देशासाठी वर्षाला १०० दिवसांच्या कामाचा कायदा झाला.

यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या करारात पक्ष तीन आहेत. शहराने कर द्यायचा, मजुराने घाम द्यायचा, आणि झालेले काम गावाने सांभाळायचे. पहिले दोन पक्ष पुष्कळदा आपले देणे फेडतात. तिसरा चुकला की बांध फुटतो, आणि पुढच्या दुष्काळात तीच माती पुन्हा उपसावी लागते. मजुरी तेवढी पोटात जाते, गाव होते तेथेच राहते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपल्या शिवारात हमीच्या कामातून कोणता बांध, तलाव, रस्ता झाला, आज त्याची काय दशा आहे, याची यादी वरच्या वर्गातल्या मुलांकडून करून घ्या. कामावर गेलेल्या आयाबायांना त्यांनी विचारावे. आणि ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवा. आपल्या आजीने कोणती माती कोठे टाकली हे ज्या मुलाला ठाऊक आहे, तो तो बांध सहसा फुटू देणार नाही.