लेस डार्सी : एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी

२७ ऑक्टोबर १९१६. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल बंदरातून ‘हॅटी लकेनबाख’ हे जहाज अमेरिकेकडे निघाले, तेव्हा देशाचा सर्वांत लाडका मुष्टियोद्धा त्यात लपून बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याला एकविसावे वर्ष पूर्ण होणार होते. आणि त्याच दिवशी, सक्तीची सैन्यभरती असावी की नसावी, यावर ऑस्ट्रेलियात सार्वमत होते.

लेस डार्सी हा मेटलंडजवळच्या आयरिश कॅथलिक कुटुंबातला. बाराव्या वर्षी शाळा सुटली, पंधराव्या वर्षी लोहाराकडे उमेदवारी सुरू झाली. घण मारून कमावलेले खांदे पुढे सिडनी स्टेडियमवर कामी आले. एडी मॅगूर्टी, जिमी क्लॅबी, जॉर्ज चिप असे नामांकित अमेरिकन मुष्टियोद्धे त्याने एकामागून एक हरवले. १९१६ च्या फेब्रुवारीत तर मिडलवेट असूनही हॅरल्ड हार्डविकला नमवून त्याने देशाचे हेवीवेट विजेतेपद मिळवले. (हा हार्डविक १९१२ च्या ऑलिंपिकमधील जलतरणाचा सुवर्णपदकविजेता!) त्या लढतीत डार्सीच्या पुढच्या दोन दातांना मार बसला. ते पुन्हा बसवण्यात आले. हे दात लक्षात ठेवावेत.

मोठ्या कुटुंबाचा भार या मुलाच्या मुठींवर होता. त्यात महायुद्ध. गॅलिपोली आणि फ्रान्समधील संहारानंतर स्वयंसेवकांचा ओघ आटला होता. पंतप्रधान बिली ह्यूज यांना सक्ती हवी होती. लष्करी वयाच्या पुरुषांना परवानगीशिवाय देश सोडण्याची मुभा नव्हती. एकविशीपूर्वी भरती होण्यास पालकांची संमती लागे आणि डार्सीच्या आईने ती नाकारली होती. वाढदिवसानंतर ही सबबही उरणार नव्हती. अमेरिकेत चार-दोन लढती, घरच्यांची कायमची सोय आणि निर्विवाद जगज्जेतेपद, असा त्याचा हिशेब होता.

वृत्तपत्रांनी त्याला ‘पळपुटा’ ठरवले. येथे एक आकडा पाहण्यासारखा आहे : युद्ध संपेपर्यंत १८ ते ४४ वयोगटातील सुमारे ३९ टक्केच ऑस्ट्रेलियन पुरुष सैन्यात दाखल झाले होते. उरलेल्यांची नावे कोणी छापली नाहीत. डार्सीचा चेहरा मात्र घरोघरी ठाऊक होता, आणि आयरिश कॅथलिकांच्या राजनिष्ठेविषयी डब्लिनमधील १९१६ च्या उठावापासून संशय होताच. शिवाय सार्वमतात सक्तीचा प्रस्ताव सुमारे ७२ हजार मतांनी फेटाळला गेला. सरकारसमर्थकांचा राग काढायला डार्सी आयताच सापडला.

ही अपकीर्ती त्याच्याआधी अमेरिकेत पोहोचली. न्यू यॉर्कचे गव्हर्नर चार्ल्स व्हिटमन यांनी त्याच्या लढतीवर बंदी घातली. इतरत्रही दारे बंद झाली. अमेरिकेच्या भूमीवर त्याला एकही अधिकृत लढत मिळाली नाही. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिकाच युद्धात उतरली आणि ज्याला पळपुटा म्हटले होते, त्या डार्सीने टेनेसीत अमेरिकन सैन्यात नाव नोंदवले. त्याच महिन्याच्या अखेरीस तो कोसळला. दातांतील जंतुसंसर्ग रक्तात भिनून हृदयापर्यंत गेला होता, त्यात न्यूमोनियाची भर पडली. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून ११ वर्षे होती. २४ मे १९१७ रोजी मेम्फिसमध्ये तो गेला. वाग्दत्त वधू उशाशी होती.

पार्थिव मायदेशी आले तेव्हा सिडनीत आणि मेटलंडमध्ये जनसागर लोटला. कालचा पळपुटा आता हुतात्मा झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ह्यूज यांनी पुन्हा सार्वमत घेतले आणि या वेळी ते अधिक मोठ्या फरकाने हरले.

दातांमुळे आलेला मृत्यू मात्र लोकांच्या पचनी पडला नाही. ‘अमेरिकनांनी विष घातले’ ही दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या चालली. १९३२ मध्ये फार लॅप हा ऑस्ट्रेलियाचा लाडका शर्यतीचा घोडा कॅलिफोर्नियात अचानक मेला, तेव्हा त्याच्याही बाबतीत हेच बोलले गेले.