पाहावयाचें कीं ठेवावयाचें?

टपालानें आलेला एखादा कागद तेथल्या तेथें वाचावयाचा असतो, तर एखादा पेटींत जपून ठेवावयाचा असतो. संगणकाच्या पडद्यावर येणाऱ्या कागदांतही हाच भेद आहे. आणि तो कोणीं ठरवावा, या प्रश्नाचा इतिहास लहान असला तरी उद्बोधक आहे.

इ. स. १९८६ च्या सुमारास 'अर्नेट' नांवाचें शैक्षणिक जाळें भारतांत उभें राहूं लागलें. जुहूचें नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी व पवईची आय. आय. टी. हीं त्याचीं दोन आद्य केंद्रें होतीं. त्या काळचीं संगणकीय पत्रें म्हणजे निव्वळ रोमन अक्षरांची मालिका. चित्र किंवा ध्वनि त्यांत सरळ घालतां येत नसे. १९९२ सालीं बोरेनस्टीन व फ्रीड यांनीं 'माइम' ही पद्धति मांडून ती अडचण दूर केली. परंतु एक सुटली कीं दुसरी उभी राहते! चित्र पत्राच्या ओघांतच दाखवावें, कीं वेगळें बांधून द्यावें? जून १९९५ मध्यें ट्रूस्ट व डॉर्नर यांनीं त्यावर दोन शब्दांचा तोडगा सुचविला : 'इनलाइन' म्हणजे तेथेंच दाखवा, 'अटॅचमेंट' म्हणजे वेगळें ठेवा. त्याच वर्षीं १५ ऑगस्टला विदेश संचार निगमानें इंटरनेटचें दार सामान्य जनांस खुलें केलें.

पत्रांसाठीं योजिलेली ही खूण वेबनेंही उचलली. मात्र वेबकरितां तिचे स्वतंत्र नियम २०११ सालीं निश्चित झाले. मागणी आली म्हणजे सर्व्हरवरील स्क्रिप्ट प्रथम हेडर पाठविते व मागाहून फाइल. हेडर हें पाकिटावरील पत्त्यासारखें आहे. मजकूर एकदां निघाला कीं त्यांत फेरफार करतां येत नाहीं. त्यांत 'अटॅचमेंट' असल्यास ब्राउझर फाइल उतरवून घेतो. कांहींच खूण नसल्यास तो फाइलीचा प्रकार पाहतो. चित्र वा पीडीएफ असल्यास बहुधा दाखवितो, अनोळखी असल्यास उतरवितो.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाहीं. परक्यानें चढविलेली फाइल संकेतस्थळानें आपल्या पानासारखी दाखविली, आणि तिच्यांत कपटी आज्ञा दडलेल्या असल्या, तर ब्राउझर त्या स्थळाच्याच समजून पाळतो व वाचणाऱ्याचें खातें दुसऱ्याच्या हातीं जाऊं शकतें. म्हणून अशी फाइल 'अटॅचमेंट' म्हणून द्यावी, हें शहाणपणाचें ठरतें. उलट, बोरिवलीच्या गृहस्थास गांवच्या जमिनीचा सात-बारा केवळ नजरेखालून घालावयाचा असतां तो प्रत्येक वेळीं उतरवावयास लावणें म्हणजे त्याचें कपाट विनाकारण भरणें होय.

फाइलीचें नांवही याच हेडरांत सुचविलेलें असतें. 'सातबारा' हें नांव देवनागरींत निर्वेध पोहोंचविण्याची रीत वेबसाठीं २०१० सालीं ठरली.

पाठविणारा सुचवितो, सक्ति करीत नाहीं. पीडीएफ नेहमीं उतरवूनच घ्यावी, अशी व्यवस्था वाचक आपल्या ब्राउझरांत करूं शकतो. देणाऱ्यानें हेतु स्पष्ट सांगावा आणि घेणाऱ्यानें पारखून घ्यावें, हा टपालाचा जुना शिरस्ता नव्या यंत्रासही लागू पडला आहे.